गुप्त ग्राहकाचं पातेलं

उत्तरेश्वर लोमटे गुप्त ग्राहक झाले तेव्हा त्यांना तसं ओळखपत्र मिळालं होतं. निळी फीत, प्लास्टिकचं पाकीट, आत त्यांचा फोटो आणि फोटोखाली ठळक अक्षरांत 'गुप्त ग्राहक'. ते पोस्टानं ढोकीला आलं त्या दिवशी त्यांनी ते गळ्यात घालून आरशात पाहिलं आणि तसेच चौकात जाऊन चहा पिऊन आले. गुप्त माणसाला ओळखपत्र कशाला लागतं, हा प्रश्न त्यांना पडायला एकवीस दिवस गेले. तोवर नोंदणीचे अडीच हजार रुपयेही गेले होते आणि ज्या नंबरावर ते पाठवले तो नंबर लागेनासा झाला होता.

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला हा माणूस. दहा वर्षांचं पोर मांडीवर घेऊन बाई 'चारचंच हाय' म्हणाली, तर पोराचे पाय सीटखाली कुठवर लोंबतात ते बघून अर्धं तिकीट फाडणारा. फाटकी नोट घडीत लपवून दिली तरी बोटांना कळायचं. असा माणूस फोनवरच्या एका पोरीला फसला. ती एवढंच म्हणाली होती, "काका, आम्हाला तुमच्यासारखीच अनुभवी माणसं लागतात." कस्तुराबाई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. वर्षभरात त्यांना कुणी कशासाठी 'लागतात' म्हटलं नव्हतं. पैसे त्या एका शब्दाचे गेले.

ही गोष्ट त्यांनी दोन महिने कुणाला सांगितली नाही. मुलगा रणधीर पुण्याहून आला, लाइटबिल शोधायला त्यानं टेबलाचा खण उघडला आणि ते ओळखपत्र हातात घेऊन बाहेर आला. आधी तो इतका हसला की त्याला बाजेवर बसावं लागलं. मग हसायचा थांबला.

"कधीचं हे, नाना?"

"झाले दोन महिने."

"आणि मला सांगितलं न्हाय."

"काय सांगायचं? फसलो म्हणून?"

"व्हय. तेच सांगायचं."

उत्तरेश्वरांनी ओळखपत्र त्याच्या हातातून घेतलं आणि फीत गुंडाळली.

"पैसे गेले त्याचं मला काय न्हाय," रणधीर म्हणाला. "उद्या छातीत कळ आली तर तीबी तुम्ही अशीच खणात ठेवाल. आई असती तर मला त्याच दिवशी कळलं असतं."

हे खरंच होतं. फोन कायम कस्तुराबाई करायच्या. उत्तरेश्वर मागं उभं राहून 'जेवला का विचार' एवढंच म्हणायचे. त्या गेल्यावर पुढं येऊन बोलायची सवय त्यांना लागली नव्हती.

रणधीरनं पुण्याचं ठरवूनच टाकलं. घर भाड्यानं द्यायचं आणि नानांनी त्याच्याकडं राहायचं. उत्तरेश्वर त्याच्या फ्लॅटवर पूर्वी आठ दिवस राहिले होते. त्या आठ दिवसांत त्यांची ओळख फक्त वॉचमनशी झाली होती, आणि तो वॉचमनही आपल्याच जिल्ह्यातल्या भूमचा निघाला म्हणून. ढोकीत ते दारात उभे राहिले तरी अर्ध्या तासात दहा जण, कंडक्टरला इकडं म्हणतात तसं, 'काय मास्तर' म्हणून जायचे. ते सोडून जायचं म्हणजे नोकरीतून दुसऱ्यांदा निवृत्त व्हायचं.

"मला एक सांग," ते म्हणाले, "हा धंदाच खोटा असतो, का मीच खोट्याच्या हाती लागलो?"

रणधीरनं तिथंच बसून मोबाइलवर तासभर शोध घेतला. धंदा खरा होता. मोठी दुकानं आपल्याच नोकरांची परीक्षा घ्यायला साधी माणसं गिऱ्हाईक म्हणून पाठवतात. खरी कंपनी नोंदणीला पैसा मागत नाही, उलट वस्तूचे पैसे आणि वर थोडी फी देते. "ह्याच्यावर घर न्हाय चालत," तो म्हणाला, "पण भाजीपाला निघतो." मग त्यानं स्वतःच एका कंपनीत नानांचं नाव घातलं आणि अट सांगितली. एक काम नीट करून दाखवायचं. कंपनीनं अहवाल मान्य केला, तर तो पुण्याचं नाव काढणार नाही. नाही केला, तर येत्या रविवारी गाडी घेऊन येईल, बॅग भरून ठेवायची.

काम आलं धाराशिवचं. 'संसार भांडार' नावाच्या भांड्यांच्या दुकानाची नवी शाखा. गुरुवारी साध्या गिऱ्हाइकासारखं जायचं. आपण कोण ते सांगायचं नाही. पाचशेच्या आतलं एक भांडं विकत घ्यायचं. शुक्रवारी तेच भांडं न वापरता परत न्यायचं आणि कुरकुर न करता पैसे परत मिळतात का ते बघायचं. मग मोबाइलवर बावीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा.

कागद वाचून उत्तरेश्वरांना गंमत वाटली. एकतीस वर्षं ते तपासणी पथकाला भीत आले होते. वळणावर पथकाची जीप दिसली की हिशेब चोख असतानाही ते पैसे पुन्हा मोजायचे. आता पथक म्हणजे ते स्वतःच होते.

गुरुवारी त्यांनी वेषांतर केलं. वेषांतर म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा गॉगल आणि रणधीरची जुनी टोपी. ढोकीच्या स्टँडवर चार जणांनी 'मास्तर, डोळे आलेत का' म्हणून विचारलं. गाडीतल्या कंडक्टरनं त्यांना स्वतःची सीट दिली. येडशीला एक म्हातारी चढली, तिनं त्यांच्याच हातात पैसे ठेवून "एक धाराशिव" म्हटलं. आपल्याला सगळा रस्ता ओळखतो, तर दुकान कसं ओळखणार नाही, हा विचार तेव्हा मनात यायला हवा होता. तो आला दुकानाच्या पायरीवर, एक पाय आत असताना.

"या मास्तर," आतून आवाज आला.

फॉर्मातला पहिला प्रश्न होता, दोन मिनिटांत स्वागत झालं का. इथं दोन सेकंदांत झालं होतं, हुद्द्यासकट.

"तुम्ही कुणाला म्हणता?" त्यांनी विचारलं.

"तुम्हालाच की. लोमटे मास्तर न्हाय का तुम्ही, ढोकी गाडीचे?" काउंटरमागची पोरगी उठून पुढं आली. "मी चैताली. येडशीहून कॉलेजला यायचे तुमच्या गाडीत. माझा एकदा पास संपला व्हता. तुम्ही सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणला व्हता, 'शिकून काय करणार तू, साधी तारीख वाचता येत न्हाय.'"

उत्तरेश्वरांना ते आठवेना. हे वाक्य त्यांनी निदान चाळीस पोरांना ऐकवलं असेल.

"बोललो असंल," ते म्हणाले.

"असंल न्हाय, बोललात. तिकीटबी फाडलंत." ती हसली. तिच्या हसण्यात राग नव्हता, म्हणून त्यांना जास्तच अवघडल्यासारखं झालं. "बसा. पाणी घ्या. काय दाखवू?"

"चहाचं पातेलं."

ही थाप नव्हती. घरचं पातेलं त्यांनी गॅसवर ठेवून टीव्हीवरच्या बातम्या ऐकायच्या नादात तीनदा जाळलं होतं.

"किती माणसांचा चहा?"

"दोन."

हेही तोंडातून सहज गेलं. त्यात खोटं काय होतं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

चैतालीनं तीन पातेली पुढं मांडली. एक उचलून तिनं त्याचं बूड बोटानं वाजवलं. "हे घ्या. जाड बुडाचं हाय, दूध लागत न्हाय. पण गॅस बारीक ठेवायचा आन् तिथंच उभं राहायचं. टीव्ही बघायला गेलात तर कुठलंबी पातेलं जळतंय."

"तुला कसं कळलं?"

"बाप्ये लोक पातेलं घ्यायला आले की तसंच असतंय."

उत्तरेश्वरांनी मनातल्या मनात तिला दहापैकी दहा दिले. तपासनीस म्हणून काम भलतंच सोपं चाललं होतं. बिल झालं तेव्हा ती म्हणाली, "नाव घालायचं का? फुकटात हाय."

चौदावा प्रश्न. मोफत सेवेची माहिती स्वतःहून दिली का. "घाल की," ते खुशीत म्हणाले.

"काय घालू?"

"सौ. कस्तुरा उत्तरेश्वर लोमटे, ढोकी."

लग्नापासून चौतीस वर्षं भांड्यांच्या दुकानात ते एवढं एकच वाक्य बोलत आले होते. भांडं कस्तुराबाई निवडायच्या, घासाघीस त्या करायच्या, शेवटी नाव सांगायचं काम तेवढं यांचं. घरातल्या वाटीपासून घागरीपर्यंत सगळ्यावर तेच नाव होतं. 'एखाद्या डब्यावर माझं घाल की' असं ते एकदा म्हणाले होते. तेव्हा कस्तुराबाई म्हणाल्या होत्या, 'तुमाला बिल्ला हाय की सरकारी.'

मशीन टिर्र टिर्र करत पातेल्यावर फिरलं. चैतालीनं मान वर करून विचारलं, "तारीख घालू का? बघा, येती मला आता."

"घाल," ते म्हणाले. तेही हसले.

परतीच्या गाडीत पातेलं मांडीवर घेऊन ते मनात फॉर्म भरत बसले. येडशी गेल्यावर 'भांडं परत' या प्रश्नाशी पोचले आणि तिथंच अडकले. पिशवीतून पातेलं काढून त्यांनी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. गुप्त ग्राहकानं दुकानात आपलं नाव, बायकोचं नाव आणि गाव सांगितलं होतं, ते भांड्यावर कोरून घेतलं होतं, पुराव्याला तारीखही टाकून घेतली होती. आणि असं भांडं जगातलं कुठलं दुकान परत घेईल?

शेजारच्या माणसानं वाकून पाहिलं. "वैनीला घेतलं व्हय?"

"व्हय," उत्तरेश्वर म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी कानस काढली. आधी तारीख घासली. ती गेली, पण जागा अशी ओरबाडली गेली की पातेलं एखाद्या भांडणातून सुटून आल्यासारखं दिसू लागलं. मग कानस 'सौ.'वर आणली. हा शब्द तरी आता चुकीचाच होता असं त्यांना वाटलं. मग आठवलं, ती गेली त्या दिवशी गल्लीतल्या बाया म्हणत होत्या, सवाष्ण गेली, नशिबाची बाई. त्यात नशीब कुठलं ते त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं आणि आताही कळत नव्हतं. पण गेली ती सौ. म्हणूनच गेली. त्यांनी कानस खाली ठेवली.

शुक्रवारी सकाळी त्यांना एक युक्ती सुचली. तसंच दुसरं पातेलं रोख घ्यायचं, थोडा वेळ बाहेर फिरायचं आणि कालचं बिल दाखवून ते कोरं पातेलं परत करायचं. कालचं तिकीट आज दाखवणारे किती जण त्यांनी पकडले होते, त्याची मोजदाद नव्हती. ते कसं करतात हे मात्र त्यांना आज पहिल्यांदा आतून कळलं. तरीही नावाचं पातेलं नमुन्याला पिशवीत आणि दुसऱ्या पातेल्याचे पैसे खिशात घेऊन ते निघाले. रविवार दोन दिवसांवर होता.

युक्ती दारातच मोडली. "काय आणलंय, बघू," म्हणून चैतालीनं पिशवी हातातून घेतली आणि पातेलं बाहेर काढलं. "हे काय केलं मास्तर? तारीख कुणी खरडली?"

"मी. परत करायचंय."

"परत? नाव घातलेलं कसं परत घेऊ? दुसरी कस्तुरा लोमटे कुठनं आणू मी?"

"बिल हाय माझ्याकडं. बिलावर लिवलंय, सात दिवसांत परत."

"खाली बारीक अक्षरात वाचा. नाव घातलेली भांडी सोडून." ती हसत होती. "वाचता येतंय ना?"

आता तक्रार करणारा प्रवासी ते होते आणि बोट ठेवून नियम दाखवणारी ती. तिचं बरोबर होतं. तेच त्यांना जड जात होतं.

"काकूंना आवडलं न्हाय का?" तिनं मग हळू विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "ती न्हाय गं. चौदा महिने झाले."

चैतालीनं पातेल्यावरचं नाव पाहिलं, मग त्यांच्याकडं. "मग काल..."

"काल तू काय घालू म्हणलीस आन् तोंडातनं गेलं."

तिनं पातेलं काउंटरवर ठेवलं. आत गेली आणि पैसे घेऊन बाहेर आली. पातेल्याची किंमत नोटांत आणि चिल्लरीत बरोबर होती. तिनं पैसे त्यांच्या हातावर ठेवले. "घ्या. झालं परत."

आता फक्त घरी जाऊन 'होय' दाबायचं बाकी होतं. पण गल्ल्याचा खण उघडल्याचा आवाज झाला नव्हता, बिलाचं मशीन चाललं नव्हतं, आणि दहाच्या नोटा पर्समधल्यासारख्या चौपदरी घडीच्या होत्या. नोटा बघण्यात तरी ते अजून म्हातारे झाले नव्हते.

"हे कुणाचे पैसे?"

"दुकानाचे."

"परतीचं बिल दे मग."

"मास्तर, घ्या की गप."

"तुझे हायत." त्यांनी पैसे काउंटरवर ठेवले, आणि आवाज आपोआप गाडीतला लागला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "नियम तुझा बरोबर हाय. नाव घातलं, माल गेला. तो परत घ्यायचा न्हाय. आन् कुणी म्हातारा तोंड बारीक करून आला म्हणून खिशातनं द्यायचं न्हाय. शिकून काय..."

तिथं ते थांबले.

"पुढचं म्हणा की," चैताली म्हणाली.

"पुढचं न्हाय काय. दे ते पातेलं."

शनिवारी ते फॉर्म घेऊन बसले. फॉर्म मराठीत होता, पण 'विक्रेत्याची ग्राहकाभिमुखता' असल्या मराठीत. एकवीस प्रश्न झाले. शेवटचा होता, वस्तू परत घेतली का. 'नाही' दाबलं तर खाली तीन कारणं उघडली. कर्मचाऱ्यानं नकार दिला. कर्मचारी उद्धट वागला. कर्मचारी जागेवर नव्हता. ग्राहक येडा निघाला, असा पर्याय कंपनीनं ठेवलेला नव्हता.

त्यांनी मोबाइल ठेवला, पुन्हा उचलला आणि रणधीरला लावला.

"नाना? काय झालं?" तो घाबरलाच. वडलांचा फोन त्याला कधी आलेलाच नव्हता.

"झालं न्हाय काय. माझ्या हातनं घोळ झालाय. ऐक." आणि त्यांनी सगळं सांगितलं. गॉगल, म्हातारीचं तिकीट, नाव, कानस, दुसऱ्या पातेल्याची युक्तीसुद्धा. सांगताना मध्येच त्यांना हसू आलं.

"मग 'कर्मचाऱ्यानं नकार दिला' दाबा," रणधीर म्हणाला. "दिलाच होता की तिनं आधी नकार. खोटं न्हाय ते."

"मग अहवाल मान्य होतो?"

"व्हईल बहुतेक."

"आन् पोरीचे मार्क जातील."

"जातील."

"खाली शेऱ्याला जागा हाय," उत्तरेश्वर म्हणाले. "तिथं लिवतो खरं काय ते."

"नाना, रद्द करतील. आपण कोण ते कळू द्यायचं न्हाय, हा पयला नियम हाय त्यांचा."

"करू दे."

"मग उद्या मी येतो," रणधीर म्हणाला.

"ये."

शेऱ्याच्या चौकटीत त्यांनी लिहिलं : ग्राहकाला पायरीवरच ओळखण्यात आले. ग्राहकाने भांड्यावर स्वतः होऊन नाव घालून घेतले. सबब भांडे परत घेतले नाही हे योग्य केले. विक्रेती हुशार व नियमाने वागणारी आहे. चूक सर्वस्वी ग्राहकाची. एसटीत जबाब लिहायची सवय होती, म्हणून खाली सही करायला ते जागा शोधत राहिले.

रविवारी सकाळी कंपनीचा निरोप आला. अहवाल अमान्य, मोबदला देय नाही. उत्तरेश्वरांनी बॅग भरली. चार सदरे, औषधं, बिल्ला. बारा वाजता रणधीरची गाडी दारात लागली.

"अहवाल?"

"रद्द."

"बॅग?"

"ती काय."

रणधीरनं बॅगेकडं पाहिलं आणि तो बाजेवर बसला. "चहा करा आधी."

उत्तरेश्वरांनी नवं पातेलं गॅसवर ठेवलं. गॅस बारीक केला आणि ते तिथंच उभे राहिले. बाहेर कुणीतरी 'मास्तर' म्हणून हाक मारली तरी हलले नाहीत. चहा गाळून झाल्यावर रणधीर आत आला. त्यानं पातेलं विसळलं, उजेडाला धरलं आणि नावावरून अंगठा फिरवला.

"'सौ.'ला लागलीय थोडी कानस," तो म्हणाला.

"तिथंच थांबलो."

चहा पिऊन झाल्यावर त्यानं पातेलं पुसून बॅगेत घातलं. मग बॅगेतले सदरे, औषधं आणि बिल्ला एकेक करून बाहेर काढून बाजेवर ठेवले.

"अरे, मग मी चहा कशात करू?"

"जुनं घासा. माझ्याकडं आईच्या नावाचं एकबी भांडं न्हाय."

"आन् पुणं?"

"पुणं कुठं पळून जातंय? काल फोन केलात तसा करत जा."

"फसल्यावर?"

"फसायच्या आधी केलात तर लई बरं."

बॅगेत आता एवढंसं पातेलं होतं. ती त्यानं पुढच्या सीटवर ठेवली. गाडी वळवायला मागं रस्ता अरुंद होता. उत्तरेश्वर मागं जाऊन उभे राहिले आणि "येऊ दे, येऊ दे" म्हणत त्यांनी ती गल्लीतून नीट बाहेर काढून दिली. मग सवयीनं गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. कंडक्टरनं डबल बेल दिली की ड्रायव्हरनं मागं बघायचं नसतं. रणधीरनं एकदा बघितलं, आणि गाडी सोडली.